जाळं पडायच्या आत एक मरळ

आमच्या घरात मासा खाणं तर सोडाच, जेवताना कुणी त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. गळ्यात लिंग, सकाळी इष्टलिंगाची पूजा, त्याशिवाय तोंडात पाण्याचा घोट नाही, असलं घर. आणि अशा घरात मला माशाच्या गळाचं याड लागलं. आता पुण्यात बसून हे टाइप करताना माझं मलाच हसू येतंय, पण तेव्हा हसू नव्हतं, तेव्हा नुसती चिडचिड होती. ते सगळं सांगते. पण आधी घाणा सांगावा लागेल, त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

लोहाऱ्यापासून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. पुढं दुकान, मधी तेलाचा लाकडी घाणा, मागं घर. पहाटं पाचला अप्पा मोटर चालू करायचे आणि घाणा कर्रर्र करत फिरायला लागायचा. त्या आवाजानं मला कधी जाग आली नाही. तो बंद पडला की मात्र यायची. घाण्यात करडी. शेंगदाणा, तीळ पण निघायचं, पण अप्पांचा जीव करडीवर. करडीचं तेल म्हणजे अप्पांच्या लेखी औषध. गुडघा दुखतोय, लाव करडीचं. कान वाजतोय, घाल करडीचं. अव्वा, म्हणजे आमची आई, आमच्यात आईला अव्वा म्हणतात, ती गरम भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घ्यायची, बोटानं मधी खळगा करायची आणि त्यात कच्चं तेल ओतायची. ते तेल चटणीत मुरेपर्यंत थांबायचं. ते थांबणं मला कधी जमलं नाही, मी आधीच घास घ्यायचे आणि तेल कोपरापर्यंत वघळायचं. अंगाला, केसाला, उशीला, वहीच्या पानाला, सगळ्याला करडीचा वास. बाहेरचा माणूस दारात आला की म्हणायचा, वास काय सुटलाय! आम्ही म्हणायचो, कसला वास? आम्हाला यायचाच नाही तो.

आणि अप्पांच्या हातात कायम एक पत्र्याची बुधली. लांब चोचीची. कुलूप कुरकुरलं, दोन थेंब. सायकलची साखळी, चार थेंब. दुकानाच्या शटरला तर रोज. आता गंमत बघा, आमचं शटर अख्ख्या गावात सगळ्यात जड. ते वर करायला दोन माणसं लागायची. शेजारचा सायकलवाला रोज सकाळी हात लावायला यायचा आणि म्हणायचा, "अप्पा, तुमचं शटर उचलून उचलून माझा खांदा उतरला बगा." अप्पा म्हणायचे, "जुनं हाय. तेल कमी पडतंय त्याला." आणि बुधली घेऊन परत सुरू. एवढी वर्षं हे चाललं होतं आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

तर बारावी झाली होती. मार्क असे आले की अप्पा म्हणाले एक वर्ष घरी बसून परत अभ्यास कर. मी घरी बसले आणि फोन बघायला लागले. त्यात एक दिवस मासे धरायचा व्हिडिओ आला. परदेशातलं कुठलं तरी तळं, बोटीत एक जाडा माणूस, हातात काळी काठी, तो एक रबरी बेडूक भिरकावतो, बेडूक पानांवरून टुकटुक चालतो आणि खालून एकदम पाणी फुटतं! धाप्प! हिरवा, जबडा फाडलेला मासा. तो माणूस हसतो, माशाला हातात घेतो, बघतो आणि परत पाण्यात सोडतो. सोडतो! मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला काय माहिती. माशाचं नाव बास, तिकडचा मासा. मला वाटलं, हे तर मला जमेल. मारायचं नाही, खायचं नाही, नुसतं धरायचं आणि सोडायचं. आमच्या धर्मात बसतंय की!

आता काठी, म्हणजे रॉड, कुठला घ्यायचा? इथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. मला वाटलेलं काठी म्हणजे काठी. तर तसं नसतं. हलका, मध्यम, मध्यम-जड, जड. सहा फूट, साडेसहा, सात. शेंड्याला वाकणारा, मधून वाकणारा. एक म्हणतो बाससाठी हाच घ्या, दुसरा म्हणतो हा घेतलात तर पस्तावाल. मी रात्रंदिवस तेच. जीवशास्त्राच्या वहीच्या मागं रॉडची नावं लिहायचे. सणासुदीला मिळालेले पैसे होते साठवलेले, त्यातनं पहिला रॉड मागवला तो छत्रीसारखा एकात एक सरकणारा. स्वस्त होता आणि फोटोत झकास दिसत होता. पहिल्यांदा जोरात फेकला तर वरचे तीन टप्पे सुटले आणि गळासकट पाण्यात गेले. माझ्या हातात राहिला मुठीचा तुकडा. जसं काही मी तलावाला भाला मारला.

दुसरा रॉड मात्र नीट बघून घेतला. सात फुटी, मध्यम-जड, दोन तुकड्यांचा. कुरिअर गावात येत नाही, लोहाऱ्यातच थांबतं, म्हणून जीपवाल्याला सांगितलं येताना घेऊन ये. त्यानं ती लांब नळी टपावर बांधली, आणि वर करडीचं पोतं ठेवलं, आमच्याच घाण्याचं! घरी नळी उघडली तर शेंड्याचं दोरा ओवायचं कडं चेपलेलं. मी रडायची राहिले, मग पकडीनं ते सरळ केलं. जीपवाला म्हणतो, "मला काय म्हाईत, म्या म्हणलं पडद्याचा पाईप हाय." मग रील, म्हणजे दोरा गुंडाळायची चरखी. रीलचे नंबर असतात, मी तीन हजारवालं घेतलं कारण सगळे म्हणत होते दोन हजारवालं लहान पडतं. आल्यावर कळलं की वेणीसारखा विणलेला दोरा घालायचा असेल तर आधी खाली साधा दोरा गुंडाळायचा असतो, नाहीतर सगळा दोरा जागेवर गरगर फिरतो. हे कुणी आधी सांगेल? कुणी नाही! आणि आमिषं. मी अख्खी डबीच मागवली, बाससाठीची खास म्हणून. त्यात चकचकीत पत्रे, रबरी गांडुळं, बेडूक, पोटाखाली तीन-तीन आकडे, म्हणजे गळ, लोंबणारे प्लास्टिकचे मासे. काय दिसत होती डबी! दागिन्यासारखी. मी ती उशाशी घेऊन झोपायचे.

त्याच डबीतला बेडूक एकदा पिशवीतनं घरंगळून स्वयंपाकघरात गेला. अव्वा शेंगोळे वळत बसली होती. तिच्या मांडीला काही तरी मऊ लागलं, तिनं बघितलं आणि परात उडाली.

"अगं प्लास्टिकचा आहे, अव्वा!"

"आसू दे प्लास्टिकचा! बेडूक त्यो बेडूक. शिवशिव. ऊठ आधी, आंघोळ कर. आन ही काठीबी घरात न्हाय पायजे मला. देव हायत घरात."

झालं. रॉड, रील, डबी, सगळ्याची रवानगी घाण्याच्या खोलीत. पेंडीच्या पोत्यांच्या वर भिंतीला दोन खिळे होते, त्यावर रॉड आडवा. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, तिथं कुणी हात लावणार नाही.

तलाव गावापासून चालत पंधरा मिनिटांवर. मासेमारीचा ठेका एका संस्थेकडं होता आणि राखणीला गफूरचाचा. बांधावर त्यांची झोपडी, पुढं बाभळ, बाभळीला जाळी वाळत घातलेली. चाचाचं वय झालेलं, दाढी पांढरी, आणि बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी. मी हा दुसरा रॉड घेऊन पहिल्यांदा त्यांच्यासमोर गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं, रॉडकडं बघितलं, परत माझ्याकडं.

"तू घाण्याच्या अप्पाची गौरा ना? तुमच्यात तर अंडं पण चालत न्हाय!"

"खायला नाही चाचा. धरून सोडणार."

"सोडणार? मंग धरती कायकू?"

हाच प्रश्न मला पुढं प्रत्येकानं विचारला. चाचानं फेकू दिलं मात्र. पहिल्या दिवशी ते हसून हसून खाली बसले. कारण ती तीन आकड्यांवाली आमिषं आमच्या तलावात चालूच शकत नव्हती. काठानं सगळी बेशरमाची झुडपं, आत शेवाळ, पाणकणसं. मी फेकायचे आणि आकडा झुडपात. ओढायचे आणि झुडूप माझ्याकडं. दागिन्याची डबी आठवड्यात निम्मी झाली. आणि बास? बास आमच्याकडं नसतोच! हे मला एवढी डबी मागवल्यावर कळलं. चाचा म्हणाले, "ये सब छोड. इधर मरळ हाय. मरळीला बेडूक लागतो." मग त्यांनी मला पाण्याच्या कोपऱ्यातली एक जागा दाखवली, बेशरमाच्या सावलीची. "थांब. बोलू नको." आम्ही बसलो. मग एकदम पाण्यावर काही तरी वर आलं आणि गप्प असा आवाज झाला, जाड माणसानं घास गिळावा तसा. मरळ वर येऊन हवा घेते. काळी पाठ, डोकं सापासारखं, आणि आकार! चाचा कुजबुजले, "बुढी हाय ती. चार सालापासून जाळ्यात घावंना. चिखलात घुसून बसती."

त्या गप्प आवाजानं माझी झोप गेली. मी डोळे मिटले की तोच आवाज.

जानेवारीतली येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, झाली, शेतात भज्जी-आंबील खाऊन आलो, आणि त्या रात्री जेवताना अप्पांनी विषय काढला. अप्पा ओरडत नाहीत. ते प्रश्न विचारतात, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट.

"गौरा, तुझी गिटार कुठंय?"

"माळ्यावर."

"आन त्यो कराटेचा पांढरा डरेस?"

"माळ्यावर, अप्पा, पण—"

"चित्रं काढायची ती घोडी?"

मी भाकरी कुस्करायला लागले.

"आता ही काठीबी माळ्यावर जाणार. तुजं एक तरी काम शेंड्याला गेलंय का सांग मला. धरून सोडायचं म्हणतीस. बरं. आदी धर तर."

मला एवढा राग आला. कारण खरं होतं ते. मी म्हणलं, "धरीन! जाळं पडायच्या आत धरून दाखवीन!" तलावात पाडव्यानंतर मोठं जाळं पडायचं, सगळा तलाव ओढून काढायचे, त्यानंतर फारसं काही उरायचं नाही.

अप्पांनी ताटातली चटणी गोळा केली. "जाळं पडायच्या आत एक मरळ धर. तुला जन्मात परत आर्धवट म्हणनार न्हाय. न्हाय धरलीस तर काठी आपल्या हातानं गफूरला दिऊन यायची. मंजूर?"

"मंजूर!"

अव्वा म्हणाली, "जेवताना काय वंगाळ बोलताय बापलेकी." आणि माझ्या भाकरीवर तेल ओतलं.

मग मी रोज जायला लागले. आणि सुरुवातीचे दिवस काय सांगू! रील असं चाललं, असं चाललं की लोण्यासारखं. आधी थोडं खरखरायचं, ते एकदम बंद. मला वाटलं मुरलं आता. मी बेडूक बरोबर त्या सावलीच्या कडंला टाकायला शिकले. दोन पानांच्या मधी, सांगाल तिथं. आमिष एकच, हिरव्या पोटाचा बेडूक, आकडे वरच्या बाजूला पाठीला चिकटलेले, त्यामुळं झुडपात अडकत नाही. चाचा पण म्हणायला लागले, "अब हाथ बैठ्या." मला वाटलं, आठ दिवसात धरणार.

पण मग सगळं बिघडत गेलं, आणि का ते कळेचना. रील हळूहळू जड व्हायला लागलं. आधी मला वाटलं माझाच हात दुखतोय. मग दांडा फिरवला की मधीच अडायचा, मग कडकन् पुढं जायचा, आणि बेडूक टुकटुक चालायच्या ऐवजी झटके घ्यायचा, पेटका आल्यासारखा. मरळ एकदा मागं आली. मी बघितली! पाण्यावर रेघ ओढत आली आणि बेडकानं झटका खाल्ल्यावर तिथंच वळून गेली. मी त्या दिवशी रॉड जमिनीवर आपटायचा तेवढा ठेवला. मासे धरणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यात विचारलं. एक म्हणतो ताई तुमचा रॉड जड आहे. दुसरा म्हणतो हलका आहे. तिसरा म्हणतो दोरा जाड झाला. मी दोरा बदलला. चौथा म्हणतो बेडकाचा रंग चुकला, काळा घ्या. काळा घेतला. पाचवा म्हणतो असल्या रीलचं असंच असतं, आधीच जास्त चांगलं घ्यायला पाहिजे होतं. मग आधी का नाही सांगितलंत! सगळे शहाणे मागनं. आणि रील उघडून बघायचं म्हणलं तर त्यावर चिकटपट्टी, उघडलंत तर वॉरंटी गेली. त्या चिकटपट्टीला मी देवासारखं मानलं. आता माझ्याकडं तीन रीलं आहेत आणि नवीन आलं की पहिल्यांदा मी ती पट्टी फाडते. पण ते आता.

गावातनं रॉड घेऊन जायचं म्हणजे वेगळाच छळ. पारावरची माणसं वाट बघत बसलेली असायची. "काय गौराबाई, आज किती पोती?" "आगं, तुज्या अप्पाला म्हणावं पेंड टाक पाण्यात, मासं आपसूक येतील!" सायकलवाला तर रोज, "घावली का गं? न्हाय? आगं तिलाबी कळलं आसंल, ही कायी खात न्हाय आपल्याला, कशाला जायचं हिच्याकडं!" मी दात खाऊन पुढं जायचे. घरी आले की रॉड खिळ्यावर टांगायचे, आणि जेवायला बसले की मनगट चोळायचे. अप्पा माझ्याकडं बघायचे. एकदा नुसतं म्हणाले, "हात का चोळतीस?" मी म्हणलं, "रील जड झालंय. फिरवून फिरवून मनगट गेलं." ते उठून हात धुवायला गेले. मला वाटलं, मनातनं हसत असतील, म्हणत असतील, चालली काठी माळ्यावर.

पाडवा झाला. गुढीची साखरगाठी तोंडात असताना चाचांचा निरोप आला, परवा सकाळी जाळं. म्हणजे माझ्याकडं एक दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रॉड काढायला घाण्याच्या खोलीत गेले तर मोटर बंद. अप्पा टोपी घालून उभे, हातात छत्री. म्हणाले, "चल. म्याबी येतो." अप्पा आणि घाणा बंद! लग्न-मयत सोडून घाणा कधी बंद नसायचा. मी म्हणलं, "कशाला?" ते म्हणाले, "साक्षीदार नको का."

आम्ही बांधावर गेलो. चाचानं अप्पांना बाज दिली. अप्पा बाभळीखाली छत्री उघडून बसले, पाण्याकडं थोडी पाठ करून, जसं काही त्यांना त्यातलं काही बघायचंच नाही. चाचा आणि ते करडीच्या पिकावर बोलत बसले. मी फेकत राहिले. दांडा एवढा जड की दर दोन फेरीला मी थांबत होते. ऊन चढलं. दोनदा बेडूक झुडपात गेला. एकदा तर फेकलं आणि दोरा सुटलाच नाही, बेडूक माझ्याच पायाशी येऊन पडला. चाचा हसले. अप्पा हसले नाहीत.

मग ती आली. मी बेडूक सावलीच्या आत टाकला होता आणि खरं सांगायचं तर ओढतच नव्हते, मनगटाला आराम देत होते. बेडूक नुसता पडून होता. आणि पाणी फुटलं. धाप्प! अगदी त्या व्हिडिओसारखं, पण खरं, आणि पाणी माझ्या तोंडावर. रॉड असा वाकला की शेंडा पाण्यात. मी किंचाळले. मागं बाजेचा आवाज आला, छत्री पडल्याचा आवाज आला, आणि अप्पा, माझे अप्पा, ज्यांनी कधी रस्त्यात मोठ्यानं हाक मारली नाही, ते ओरडत होते, "ओढ! गौरा, ओढ! सोडू नको! आगं वड की!"

मी दांडा फिरवायला गेले. फिरेना. जिथं होता तिथं घट्ट, सिमेंट भरल्यासारखा. एवढंही चाललं असतं. पण मोठा मासा ओढायला लागला की रीलनं स्वतःच थोडा थोडा दोरा सोडायचा असतो, आत तशा चकत्या असतात घसरणाऱ्या, नाहीतर दोरा तुटतो. मला कधी मासाच लागला नव्हता, तर त्या घसरतात की नाही हे कळणार कसं? त्या घसरल्या नाहीत. मरळीनं झुडपाकडं एक हिसडा दिला. एकच. एका क्षणासाठी ती पूर्ण वर आली, काळी, पोट पांढरं, जाडी माझ्या पोटरीएवढी. तट्ट. रॉड सरळ झाला. दोरा वाऱ्यावर उडत माझ्या अंगावर आला.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. रीलला, कंपनीला, ग्रुपमधल्या सगळ्या शहाण्यांना. मी रील रॉडवरनं काढलं आणि चाचांकडं फेकलं, "घ्या! फोडा दगडानं!" चाचानं ते झेललं. दांडा फिरवून बघितला. मग चाकूनं वॉरंटीची पट्टी सरळ कापली आणि झाकण काढलं. आत सगळं पिवळं. चिकट, तारा निघणारं, डिंक भरल्यासारखं. त्यांनी नाकाशी धरलं.

"ये तो करडी हाय! इसकू तेल कौन पिलाया?"

मला वासच आला नव्हता. एवढे दिवस नाकासमोर होतं, आणि मला वासच आला नव्हता.

"करडीचं तेल सुकतं ना बेटी. खिडकीला रोगण लावल्यासारखं जमतं. थोडं दिलं तर थोडं अडतं, जास्त दिलं तर—"

मी वळून बघितलं. अप्पा उभे होते. एका पायाला चिखल, टोपी वाकडी. ते पाण्याकडं बघत होते, आता तोंड करून.

"म्या घातलं," ते म्हणाले. "आदी खरखरत व्हतं. तू निजल्यावर रातच्याला दोन थेंब घालायचो. मग तू म्हणलीस जड झालंय. मग म्या जरा जास्त घालाय लागलो. कालबी घातलं. आज शेवटचा दिस म्हणून भरून घातलं."

मला ओरडायचं होतं. खरंच ओरडायचं होतं, सगळं तोंडापर्यंत आलेलं. आणि ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस घाणा बंद करून आला होता, आणि आत्ताच माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला होता. असला राग फार वाईट. तो ठेवायला जागाच नसते. मी नुसती खाली बसले आणि गवत उपटत राहिले.

शब्द म्हणजे शब्द. मीच उठून रॉड चाचांना दिला. अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, माजी चूक हाय ती." मी म्हणलं, "नाही. धरली नाही, दिला." चाचा म्हणाले, "मेरेकू क्या करना इसका?" पण घेतला. रील मात्र घेतलं नाही, म्हणाले, "ये तुम्हारे घर का माल है, तेल तुम्हारा, तुमीच सांभाळा."

दुसऱ्या दिवशी जाळं पडलं. मी गेलेच, राहवेना. कटला निघाले, रोहू निघाले, चिलापी पोत्यानं. माझा सात फुटी मध्यम-जड रॉड एका टोकाला चिखलात रोवलेला, शेंड्याला लाल फडकं, जाळ्याची खूण म्हणून. मी एकेक टोपली वाकून बघितली. बुढी नव्हती. चाचा माझ्याकडं बघून हसले आणि खाली चिखलाकडं बोट केलं.

घरी आले तर दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि अप्पा पाटावर बसलेले. पुढं वर्तमानपत्र, त्यावर रीलचा एकेक भाग सुटा, आणि गाडीतनं काढलेल्या पेट्रोलची वाटी. जुन्या दात घासायच्या ब्रशनं ते एकेक चकती घासत होते. बुधली कुठं दिसत नव्हती. जेवायच्या वेळेपर्यंत त्यांनी सगळं परत जोडलं. फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. फक्त कागदावर एक बारीक स्प्रिंग उरली, ती कुठली ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही. ती स्प्रिंग आणि ते रील आजही माझ्या टेबलाच्या खणात आहेत. तिच्याशिवाय ते चालतं कसं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी अप्पांनी शटरलाही पेट्रोल लावलं. सायकलवाला आला आणि शटर एका हातानं वर गेलं तेव्हा तो घाबरला.

अप्पांनी मला अर्धवट म्हणणं मात्र त्या दिवसापासून बंद केलं. मी म्हणलं, पण मी धरली नव्हती. ते म्हणाले, तू धरली व्हतीस, म्या सोडली.

मागच्या महिन्यात गावी गेले होते. दुकानात पेंड घ्यायला आलेल्या एका माणसाला अप्पा काही तरी सांगत होते, दोन्ही हात पसरून. मी दारात थांबले. "आशी वर आली बगा, आख्खी. काळीभोर. माज्या लेकीनं लावली व्हती. एवढी!" त्यांचे हात आता खांद्याच्याही पलीकडं गेले होते. गिऱ्हाईक म्हणालं, "अप्पा, तुमी तर मासं खात न्हाय." "खायाचं कोण बोलतंय?" अप्पा चिडले, "बगायचं म्हणतोय म्या."

गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणलं, "अप्पा, दिवाळीत सांगितलं तेव्हा एवढी होती," आणि हातानं दाखवलं. "त्याच्या आधी त्याच्याहून लहान होती."

अप्पांनी पोत्याला गाठ मारली. "मग? तवापासनं ती खाती-पिती न्हाय का? वाढली आसंल की."